पानाच्या टोकावर दगड

चतुर्थीला चार दिवस असताना मी मांद्र्याहून निघाले. पिशवीत दोन लुगडी, चष्मा, एक खुरपं आणि नारळाच्या दोन करवंट्या होत्या. बसमध्ये पिशवी सरकवताना खुरप्याचं टोक कंडक्टरच्या पोटरीला लागलं.

"आजी, चवथीक चल्ल्यात की झुजाक?" तो म्हणाला. (चवथ म्हणजे चतुर्थी आणि झूज म्हणजे लढाई.)

"दोन्हीकडे," मी म्हटलं. "तिकीट दे."

मी खोटं बोलले नव्हते. माझं सासर मांद्र्याचं, माहेर साखळीच्या पलीकडे, गोव्यातल्या खाणींच्या भागात. तिथे आता माझी भावजय वत्सला एकटीच राहते. माझा भाऊ गेला, मुलगी लग्न होऊन गेली. घरचा गणपती मात्र आहे, आणि गणपतीवर माटोळी आहे. आपली मुंबई-पुण्याकडे गेलेली माणसंही हा अंक वाचतात, म्हणून सांगते. माटोळी म्हणजे गणपतीच्या डोक्यावर टांगलेली लाकडाची चौकट. तिला रानातली फळं, फुलं, वेली, कंद बांधतात. आमच्या माहेरची माटोळी गावात नावाजलेली. हल्ली माटोळ्यांची स्पर्धा असते. परीक्षक घरी येतात, प्रत्येक वस्तूला नावाची चिठ्ठी लागते आणि विचारलं तर घरच्या माणसाला माहिती सांगावी लागते.

गेल्या वर्षी वत्सलाने एक जुडी बांधली आणि चिठ्ठी लावली, 'काळी मुसळी'. परीक्षक बाईंनी जुडी उलटीसुलटी केली आणि म्हणाल्या, "ही मुसळी नव्हे. ही फोडशी, पावसातली भाजी." लाल पेनाने चिठ्ठीवर काट मारली. दारात अर्धा वाडा उभा होता. तेव्हापासून शेजारची कुंदा रोज कुंपणावरून विचारते, "वत्सला, आज मुसळीची भाजी गो?" वर्षभर. कुंदाला दुसरं काम नाही असं नव्हे, पण हे ती आधी करते.

यंदा वत्सलाचा फोन आला. "वन्सं, मी स्पर्धेत नाव दिना. पुरे झालं."

मला राग आला. ती माटोळी माझ्या आईची. "नाव दे," मी म्हटलं. "खरी मुसळी मी तुझ्या हातात आणून ठेवते. वरच्या सड्यावर गुडघाभर असते." (सडा म्हणजे डोंगरमाथ्यावरचं जांभ्या दगडाचं सपाट माळरान.)

फोन ठेवल्यावर आठवलं की तो सडा मी बारा वर्षांत बघितलेला नाही आणि मधल्या काळात तिथे खाण पोचली होती. पण शब्द तोंडातून गेला होता. सून म्हणाली, "आई, घरचा गणपती टाकून जाताय?" मी म्हटलं, "गणपती तुझा आहे आता, तू कर."

मांद्र्याहून म्हापशाला सरळ बस आहे, पण मी आधी पेडण्याला गेले. पेडण्याच्या बाजारात चवथीआधी बायका माटोळीचं सामान घेऊन बसतात. वाटलं, तिथेच मिळाली तर डोंगर चढायला नको. बाजार भरलेला होता. कांगलीचे पिवळे घोस, कवंडळाची लाल फळं, माट्टीची फळं, तिरफळं, शहाळी, सुपारीचे शेंडे. एका बाईकडे पात्यांच्या जुड्या होत्या.

"मुसळी आहे?"

"आसा मगे. ही बघ, ताजी. काळी मुसळी."

मी एक पान चिमटीत धरून बोट फिरवलं. गुळगुळीत, मऊ, मधोमध पन्हळ. बुडाशी पांढरं. वर एका दांड्याला पांढरी फुलं सुकलेली.

"ही फोडशी."

"जाणत्याक फोडशी, नेणत्याक मुसळी," ती हसत म्हणाली. "घे, स्वस्त लावतंय."

मी घेतली, भाजीसाठी. तिच्यावर रागावले नाही. तिने निदान ओळखून फसवलं होतं.

पेडण्याहून म्हापसा आणि म्हापशाहून डिचोलीमार्गे साखळी. बसमध्ये सगळ्यांच्या मांडीवर काही ना काही. कुणाच्या मखराचे कागद, कुणाच्या उदबत्त्या. माझ्या शेजारच्या माणसाच्या मांडीवर उंदीर होता, मातीचा. गणपती घरी गेला आणि उंदीर दुकानात राहिला म्हणून तो परत न्यायला आला होता. डिचोली सोडल्यावर डाव्या हाताला खाणीच्या मातीचे ढिगारे दिसू लागले. पूर्वी हा रस्ता लाल धुळीने भरलेला असे. ट्रकमागे ट्रक. झाडांची पानं, कपडे, भात, सगळं लाल. आता खाण बंद. ढिगाऱ्यांवर ऑस्ट्रेलियन बाभूळ माजलेली. हिरवं दिसतं, पण त्याखाली गवताची काडी उगवत नाही. खिडकीतून बघताना मनात आलं, माझ्या सड्याचं असंच झालं असेल तर?

साखळीला उतरून एका हॉटेलात पातळ भाजी आणि उंडे (पावाचा गोल, कडक प्रकार) खाल्ले. उंडा चहात बुडवल्याशिवाय आता माझ्या दातांना जमत नाही. पुढे गावाकडे बस नव्हती. एक पायलट मिळाला. पायलट म्हणजे मोटारसायकलवर मागे बसवून पोचवणारा. पन्नाशीचा माणूस, मूळचा दोडामार्गाकडचा.

"आजी, घट्ट धरा हां. पडलात तर माका बोल लावतले."

"तू नीट चालव, मी नीट बसते."

वाटेत त्याने सांगितलं की तो खाणीवर ट्रक चालवत होता. मी वरच्या सड्याचं विचारलं. त्याने गाडी हळू केली. "थंयसर आता तळी झाली. मीच माती व्हायलंय थंयची." (थंय, थंयसर म्हणजे तिथे; व्हायलंय म्हणजे वाहिली.) मग म्हणाला, "तुमचा काय होता थंय?"

"गवत," मी म्हटलं.

वत्सला दारातच उभी होती. वयाने माझ्याहून आठ वर्षांनी लहान, पण पाठ माझ्याहून वाकलेली. मी पिशवीतली जुडी तिच्या हातात दिली. तिचा चेहरा उजळला.

"मुसळी?"

"फोडशी. भाजी कर."

ती रडते की काय असं वाटलं, पण ती हसायला लागली. मग आम्ही दोघींनी गेल्या वर्षीची फजिती चण्याची डाळ आणि खोबरं घालून खाल्ली. चांगली झाली होती.

जेवताना मी तिला शिकवायला घेतलं. वत्सला शहाणी आहे, पण तिचं माहेर नदीकाठचं. तिथे सडा नाही. ती लग्न होऊन आल्यावरही सड्यावरची कामं आई आणि मीच करत होतो. तिला कुणी सांगितलंच नाही, यात तिची चूक नाही. चूक माझी. मी सगळं डोक्यात घेऊन मांद्र्याला गेले.

"ऐक. मुसळीचं पान लांब, दोन्हीकडे निमुळतं. त्याला उभ्या घड्या असतात, जपानी पंखा मिटवल्यासारख्या. वरून बोट फिरवलं की बारीक लव लागते. फोडशीला लव नाही. फोडशीचं फूल पांढरं आणि उंच दांड्यावर. मुसळीचं फूल पिवळं, सहा पाकळ्यांचं, जमिनीला टेकलेलं. वाकल्याशिवाय दिसत नाही."

"आनी फळ?"

"फळ मातीतच. पानांच्या बुडात लपलेलं. आत काळं चकचकीत बी. फोडशी उपटली तर पांढऱ्या गाठींचा झुपका येतो. मुसळीचं मूळ एकटं, सरळ खाली गेलेलं, बोटाएवढं. बाहेरून काळं, आतून पांढरं, चावलं तर बुळबुळीत. दिवाळीनंतर पानं वाळतात, उन्हाळ्यात वर काही उरत नाही. लोकांना वाटतं मेली. पाऊस पडला की त्याच मुळातून परत वर येते."

"शाळेतल्या बाईसारखी सांगता."

"शाळेतल्या बाईला हे ठाऊक नव्हतं."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही सडा चढलो. मी चौऱ्याहत्तर वर्षांची आहे आणि वाटेत तीनदा बसले, हे लिहून टाकते. वर पोचल्यावर समोर सडा नव्हताच. मोठा खड्डा होता, पायऱ्या पायऱ्यांनी खाली गेलेला, तळाशी निळं-हिरवं पाणी. जिथे आमची गुरं चरायची त्या जागेवरून एक बगळा उडत गेला, माझ्या पायांच्या खालच्या उंचीवरून.

मग आम्ही कडेकडेने शोधत गेलो. काजूच्या झाडाखाली मला ती दिसली. घड्यांची पानं, जमिनीतून थेट वर. मी खाली बसले, खुरपं काढलं आणि मोठ्याने म्हटलं, "ही घे तुझी मुसळी!" चष्मा पिशवीत होता. हात ओले होते. बोट फिरवून लव बघायची, हे कालच मी दुसरीला शिकवलं होतं आणि स्वतः विसरले. खणलं, ओढलं. मुळाशी खजुरासारखी बी चिकटलेली. शिंदीचं, म्हणजे रानखजुराचं, रोप होतं.

आणि नेमकी कुंदा तिथे. डोक्यावर माटोळीसाठी तोडलेल्या फांद्यांचा भारा घेऊन ती मागे कधी येऊन उभी राहिली कळलं नाही.

"वत्सला, यंदा माटोळीक खजूर!" ती म्हणाली. "गेल्या वर्सा भाजी, यंदा खजूर. फुडल्या वर्सा काजूगर बांद, मी खावंक येतां."

वत्सलाची मान खाली गेली. मी पिशवीतून चष्मा काढून डोळ्यांवर चढवला. "कुंदा," मी म्हटलं, "चूक माझी. तिची नव्हे. हसायचं तर माझ्याकडे बघून हस."

कुंदा माझ्याकडे बघून हसली. चोख बाई. मग भारा सावरत खाली गेली.

"वन्सं, चला घरा," वत्सला म्हणाली. "मी नाव काढतां स्पर्धेतलं."

"राखणदाराकडे जाऊन आल्याशिवाय नाही."

राखणदार म्हणजे गावाची राखण करणारा देव. त्याचा दगड सड्याच्या देवळाकडच्या टोकाला आहे. त्याच्या भोवतीची जागा कुणी तोडत नाही. खाणवाल्यांचं यंत्रही तिथे थांबलं होतं. खड्ड्याचा काठ दगडापासून पंधरा-वीस पावलांवर. एवढीच पट्टी शिल्लक, दोन कुमयाची (कुंभ्याची) झाडं, थोडं गवत. मी गवतात हात घालत गुडघ्यांवर सरकू लागले. लुगडं चिखलाने भरलं. एका पानावरून बोट गेलं आणि थांबलं. लव होती.

मी पान बाजूला केलं. खाली मातीला टेकून एक पिवळं फूल. सहा पाकळ्या. उशिराचं, पण उघडलेलं.

"बघ," मी म्हटलं. "आता हात लाव."

वत्सलाने बोट फिरवलं आणि तिच्या तोंडून "व्हय गो!" एवढंच आलं. मला ती पहिल्यांदाच एकेरीत बोलली. मी मनावर घेतलं नाही.

सगळी मिळून सात झाडं होती आणि ती ओळीने होती. एकापासून दुसरं एका पानाच्या अंतरावर. ही मुसळीची खरी खूण, जी बाजारात कुणाला दिसत नाही. तिचं लांब पान वाकून टोक मातीला लागतं. टोकाला मुळं फुटतात, कोंब येतो आणि तिथे नवं झाड होतं. मग त्याचं पान पुढे वाकतं. अशी ती एकेक पाऊल चालते. खड्ड्याच्या काठाकडून राखणदाराकडे चालत आली होती.

वत्सलाने खुरपं उचललं. "मोठं काढूया. बाई मूळ मागतली."

"काढायचं नाही."

"वन्सं, मुळाबगर ती परत लाल पेन काढतली!"

माझ्या आईची रीत होती. औषधाला एक मुसळी काढायची असेल तर आधी तिची दोन पानं वाकवून टोकांवर मातीत दगड ठेवायचे. पावसाने टोकं रुजली की मगच आईझाड खणायचं. एक घेतलं तर दोन ठेवायची. पण तेव्हा सडा भरलेला होता. सातांतलं एक म्हणजे फार. शिवाय स्पर्धा दर वर्षी असते.

तिसऱ्या झाडाचं एक टोक नुकतंच रुजलेलं होतं. दोन इंची कोंब, खाली चार पांढरी मुळं. मी आईझाडाचं पान मधून कापलं, कोंब मातीसकट उचलला आणि करवंटीत बसवला. कापलेलं पान तसंच टोकाला राहू दिलं. बाकीच्या झाडांची चार पानं वाकवून त्यांच्या टोकांवर वत्सलाकडून दगड ठेवून घेतले. तिच्या हातांनी केलं म्हणजे तिला आठवेल.

"हे चालतलं?" करवंटी बघत ती म्हणाली. ते रोप खरंच केविलवाणं दिसत होतं.

"चालेल की नाही ते तुझ्या तोंडावर आहे. मी बोलणार नाही. माटोळी तुझी."

चवथीच्या आदल्या दिवशी चुलत पुतण्याने चौकट टांगली. कुमयाच्या सालीचे दोर भिजवून आम्ही सगळं बांधलं. करवंटी मधोमध, कवंडळांच्या बाजूला. चिठ्ठी मी लिहिली. माझं अक्षर अजून चांगलं आहे. चवथीचे दिवस नेवऱ्या (करंज्या), हळदीच्या पानातल्या पातोळ्या आणि खतखत्यात (अनेक भाज्यांची, तिरफळं घातलेली मिसळ भाजी) गेले. मी वत्सलाला विळीवर बसल्या बसल्या प्रश्न विचारत होते. घड्या? लव? फूल कुठे? तिसऱ्या दिवशी ती झोपेतही उत्तर देईल अशी झाली.

परीक्षक बाई आल्या, त्याच. कॉलेजात शिकवतात म्हणे. मागून दारात गर्दी, पुढे कुंदा. बाई एकेक चिठ्ठी वाचत करवंटीपाशी थांबल्या.

"काळी मुसळी. परत?"

"व्हय," वत्सला म्हणाली.

"मूळ कुठे आहे? मुळाशिवाय मी कशी मानू?"

वत्सलाने माझ्याकडे बघितलं. मी छताकडे बघितलं.

"मूळ सड्यार आसा," ती म्हणाली. "बोटाएवढं, काळं, सरळ. सात झाडां उरल्यात. एक खणून हाडलं तर सा उरतली. फुडल्या वर्सा पाच. मग तुमका काय दाखवू? पानार बोट फिरवा बाई. लव लागता न्हय? घड्यो बघा. आनी हें कापिल्लें पान, हें आवयचें. तें वाकून जमनीक लागलें आनी तांतल्यान हें आयलें. मूळ बघूंक जाय जाल्यार चला सड्यार. मी दाखयतां." (हाडलं म्हणजे आणलं, आवय म्हणजे आई, तांतल्यान म्हणजे त्यातून.)

बाईंनी पिशवीतून भिंग काढलं. पान बघितलं, कापलेलं टोक बघितलं, जिथून कोंब फुटला ती जागा बराच वेळ बघितली.

"पानाच्या टोकाला रोप येतं हे मी पुस्तकात वाचलंय," त्या म्हणाल्या. "दर वर्षी वर्गात शिकवतेही. डोळ्यांनी आज बघते."

त्यांनी लाल पेन बंद केलं आणि निळ्याने कागदावर काहीतरी लिहिलं. मग मला विचारलं, "आजी, तुम्ही शोधली का? कुठवर शिकलात?"

"चौथी. पोर्तुगीज असताना देवळाच्या चौकात शाळा भरायची, तिथे."

"आणि हे?"

"हे आईकडे. ती शाळेत गेली नव्हती."

दुसऱ्या दिवशी बाई खरंच सडा चढून आल्या. वत्सला पुढे, बाई मागे. मी गेले नाही. माझे गुडघे सुजले होते आणि आता माझी गरजही नव्हती. वत्सलाने एकटीने दाखवलं. मला गर्व कशाचा वाटला म्हणाल, तर त्याचा.

स्पर्धेत नंबर आला नाही. दुसऱ्या कुणाच्या माटोळीत आमच्या दुप्पट वस्तू होत्या. असू देत. निघायच्या दिवशी सकाळी कुंपणापलीकडून हाक आली.

"वत्सला, आज कसली भाजी गो?"

"फोडशीची," वत्सलाने ओरडून सांगितलं. "ये जेवूक. खंयची ती ओळखून दाखय."

कुंदा आली. दोनदा वाढून घेतली.

परत येताना पिशवीत खुरपं आणि नेवऱ्या. एक रोप मांद्र्याला घेऊन जा असं वत्सला म्हणत होती. मी नाही म्हटलं. आमच्या घरामागचा उतार मुलाने पाहुण्यांच्या खोल्यांसाठी सपाट केला आहे. तिथे तिने कुठे टोक टेकायचं? ती आहे तिथे बरी. लोक मला विचारतात, एवढ्या गवतासाठी एवढं लांब गेलात? गेले. आमच्या गावचा डोंगर गेला, त्यातलं जे उरलं ते मी नावानिशी ओळखू शकते आणि आता वत्सलाही ओळखू शकते. हे थोडं नाही.

दसऱ्याच्या आधी वत्सलाचा फोन आला. माटोळी उतरल्यावर करवंटीतलं रोप तिने मागच्या दारी, कुंपणापाशी लावलं होतं.

"वन्सं, एक पान वाकून मातयेक लागलां. मी ताच्यार दगड दवरला." (दवरणे म्हणजे ठेवणे.)

"केवढा?"

"मुठीएवढो."

"मोठा झाला," मी म्हटलं. "चिंचोक्याएवढा ठेव. पान चेंगरेल."